पेठेत मोठी आग लागल्यावर पुरवठा आणि शिस्त कशी सांभाळायची: नव्या कार्यकर्त्यांसाठी

हा लेख कोल्हापुरातल्या तालीम आणि मंडळांच्या नव्या पोरापोरींसाठी आहे. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात तुमच्यापैकी अनेकांनी काम केलं असेल. ती सवय उपयोगी पडते, पण आगीनंतरचं काम वेगळं असतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर आली की इशारा मिळतो, ४३ फुटांवर धोका. तोवर सामान माळ्यावर चढवायला, म्हातारी माणसं हलवायला सवड असते. आग तेवढी सवड देत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाची आग सगळ्या कोल्हापूरनं पाहिली. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभी राहिलेली वास्तू एका रात्रीत गेली. तिथं वस्ती नव्हती. तशीच आग जुन्या पेठेत लागली, जिथं लाकडी माड्या, पांढऱ्या मातीच्या भिंती आणि खाली दुकान वर बिऱ्हाड असं सगळं एकमेकांना चिकटून आहे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो माणसं रस्त्यावर असतील आणि त्यांचा रोजचा बाजारही जळालेला असेल.

पूर आणि बाजारपेठेतल्या आगी, दोन्हींनंतर नोंदणी आणि वाटपाचं काम मी केलं आहे. माझं ठाम मत असं आहे की मदतकार्याचं यश किती पाकिटं वाटली यावर मोजू नये. भाजीवाली मावशी, दूधवाला, पिठाची गिरणी आणि किराणावाला किती लवकर पुन्हा उभे राहिले, यावर मोजावं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेनं जातात.

आग विझवणं हे अग्निशमन दलाचं काम. त्यात घुसू नका. हा लेख आग आटोक्यात आल्यापासून पुढचा आहे.

हाताशी काय हवं

जाड पुठ्ठ्याच्या तीन वह्या, कार्बनचं पावती पुस्तक, पेनं, खडू आणि फळा, दोरखंड, शिट्ट्या, बॅटऱ्या, पॉवर बँक, मास्क, जाड तळव्याचे बूट, हातमोजे, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या, एक भोंगा. फोनमध्ये हे क्रमांक हवेत: आग १०१, सर्व प्रकारची तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, गॅसगळती १९०६, महावितरण १९१२. महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमची पेठ कुठल्या कार्यालयाकडे येते हे आजच विचारून ठेवा. तसंच पोलीस ठाणं जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी की राजारामपुरी, हेही.

१. आधी नोंद, मग वाटप

पहिल्या तासात सगळ्यांना काहीतरी वाटायची घाई असते. थांबा. दोन जणांना वही घेऊन बसवा आणि घरोघरची नोंद सुरू करा: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, लहान मुलं, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं कोणी, रोजची औषधं (साखर, रक्तदाब, डायलिसिस), आता मुक्काम कुठं, फोन. शेवटचा रकाना ‘परत आले’ असा ठेवा, तो पुढं लागतो.

मतदारयादी किंवा रेशनकार्डावरून ही नोंद करू नका. पेठेत प्रत्यक्ष झोपणारी कितीतरी माणसं कुठल्याच यादीत नसतात. गुजरीत सोन्याचं काम करणारे बंगाली कारागीर पेढीच्या माळ्यावर राहतात. कापडदुकानांतली राजस्थानची पोरं दुकानातच झोपतात. कॉट बेसिसवर राहणारे विद्यार्थी असतात, हॉटेलातले आचारी असतात. आगीत कोण बेपत्ता आहे हे कळायचं असेल तर हीच नावं आधी लागतात. त्यांची माहिती शेजाऱ्याला, चहाच्या टपरीवाल्याला आणि वॉचमनला विचारा. मालक कधी कधी आकडा कमी सांगतात, कारण माळ्यावर माणसं ठेवायला परवानगी नसते. त्यांना सांगा की ही वही दंडासाठी नाही, माणूस शोधण्यासाठी आहे.

बेपत्ता माणसांची वेगळी यादी करून ती पोलीस आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या चौकशी कक्षाला द्या. नावं व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. चुकीचं नाव घरच्यांपर्यंत पोचलं तर त्याची भरपाई होत नाही.

२. रस्ता मोकळा, आगीवर पहारा

आग विझली असं दिसलं तरी कापडाचे तागे, धान्याची पोती, गाद्यांचा कापूस आणि लाकडी तुळया आतून धुमसत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वारा लागला की पुन्हा पेट घेतात. म्हणून निदान तीन रात्री पहारा ठेवा आणि बंब आत येण्याची वाट दिवसरात्र मोकळी ठेवा. बोळाच्या तोंडाशी एकही दुचाकी नको. बघ्यांची गर्दी पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते. दोरी लावून त्यांना तिकटीवरच, म्हणजे तीन रस्त्यांच्या नाक्यावरच थांबवा, आणि बोलताना आवाज चढवू नका. त्यातले निम्मे नातेवाईक असतात.

पांढऱ्या मातीच्या भिंती आगीनं भाजून आणि वर बंबाचं पाणी पिऊन बसलेल्या असतात. उभी दिसते म्हणून तिच्याखालून जाऊ नका. महापालिकेच्या अभियंत्यानं खूण केल्याशिवाय कोणालाही ‘फक्त कपाट काढतो’ म्हणून आत सोडू नका, अगदी घरमालकालाही.

वाचलेलं सामान रस्त्यावर पडतं, आणि तिथंच चोरी आणि भांडणं सुरू होतात. शाळा, मंगल कार्यालय, तालमीचा हॉल असं एक ठिकाण ठरवा, प्रत्येक ढिगाला क्रमांक द्या आणि कार्बनची पावती मालकाच्या हातात द्या. दागिने आणि रोकड मात्र मंडळानं ताब्यात घेऊ नये. ते पोलिसांसमोर पंचनामा करूनच मालकानं न्यावं.

३. वीज, गॅस, पाणी

महावितरणच्या माणसानं तपासल्याशिवाय कोणाचंही मीटर चालू करू नका. शेजारच्या घरातून वायर ओढून दिवा लावायची पद्धत इथं जीव घेते.

स्वयंपाकाचा विषय त्याहून नाजूक. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपानंतर एका बाईनं सकाळचा नाश्ता करायला चूल पेटवली. धुराडं भूकंपात तडकलेलं होतं. त्यातून लागलेल्या आगीनं शहराचा मोठा भाग गिळला. नंतर धुराड्यांची तपासणी होईपर्यंत घरात चूल पेटवायलाच बंदी आली आणि लोकांनी कित्येक दिवस रस्त्यावर स्वयंपाक केला. आपल्याकडे धुराड्यांच्या जागी गॅसच्या नळ्या आणि रेग्युलेटर आहेत. जळालेल्या घरांच्या आजूबाजूची घरं शाबूत दिसली तरी उष्णतेनं रबरी नळी वितळलेली असू शकते. एजन्सीचा मेकॅनिक घरोघर फिरेपर्यंत त्या गल्लीत गॅस बंद. तापलेली सिलिंडरं एजन्सीच्या ताब्यात द्या आणि त्याची पोच घ्या. सिलिंडरमुळे दुर्घटना झाली असेल तर एजन्सीला त्याच दिवशी लेखी कळवायला लावा. तेल कंपन्यांचा ग्राहकांसाठी अपघात विमा असतो, आणि पहिली कळवणी लेखी नसेल तर पुढं अडचण येते.

पाण्याचे टँकर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उभे राहू देत. वेळ फळ्यावर लिहा. गच्चीवरच्या टाक्यांत राख आणि वितळलेलं प्लास्टिक पडलेलं असतं. त्या धुवून, मेडिक्लोर टाकूनच वापरा, आणि पिण्यासाठी तेही पाणी नको.

४. जेवण थोडे दिवस, बाजार लवकर

सगळ्यात जास्त डोकं इथं लावा.

कोल्हापुरात जेवणाची कमतरता पडत नाही. बातमी पसरली की करवीर, कागल, राधानगरीकडच्या गावांतून भाकऱ्यांची टोपली आणि चटणीचे डबे येतात, प्रत्येक तालीम आमटी-भात चढवते. अडचण याच्या उलट असते. एकाच चौकात चार ठिकाणचं जेवण येतं, आणि दोन गल्ल्या पलीकडे, जिथं वाहन जात नाही, तिथली म्हातारी उपाशी असते. म्हणून सगळ्या मंडळांनी मिळून एकच स्वयंपाकघर ठरवावं किंवा गल्ल्या वाटून घ्याव्यात. शिजवलेलं अन्न चार तासांच्या आत संपवा. उरलेली आमटी रात्री पुन्हा गरम करून वाटू नका.

शिजवलेलं जेवण साधारण तीन-चार दिवस द्या. नंतर ज्यांना चूल मिळाली त्यांना शिधा: तांदूळ, आटा किंवा ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, कांदा-लसूण चटणी, साखर, चहापूड, काडेपेटी. शिध्याबरोबर एक पातेलं, तवा, परात, चमचा गेलाच पाहिजे. ज्याचं घर जळालं त्याच्याकडे डाळ शिजवायला भांडं नसतं, ही साधी गोष्ट वाटप करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जुने कपडे घेणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. महापुरात त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे कपडे, चादरी एवढंच मागा.

आता बाजाराकडे या. २ सप्टेंबर १६६६ ला लंडनमध्ये पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली आणि सुमारे १३,२०० घरं गेली. आग पुरती विझायच्या आत, ५ सप्टेंबरला, राजा दुसऱ्या चार्ल्सनं फर्मान काढलं. शहराबाहेर, जिथं बेघर लोक जमले होते तिथं, रोज भरपूर पाव बाजारात आणावा. देवळं, शाळा आणि सार्वजनिक जागा लोकांचं सामान ठेवायला खुल्या राहाव्यात. आणि दुसऱ्या गावांनी या लोकांना घ्यावं, त्यांना त्यांचा धंदा करू द्यावा. बाजार माणसांपाशी नेणं आणि कारागिराला हात चालवायला जागा देणं, या दोन गोष्टी मला आजही सर्वांत महत्त्वाच्या वाटतात.

कोल्हापुरात हे असं करता येतं. जळालेल्या पेठेतल्या भाजीवाल्या, फळवाले, दूधवाले, किराणावाले यांची स्वतंत्र यादी करा. विभागीय कार्यालयाकडे लेखी अर्ज देऊन जवळच्या मैदानाची किंवा रुंद रस्त्याच्या एका बाजूची तात्पुरती जागा मागा. अर्जात मुदत लिहा, नाहीतर अतिक्रमण होईल म्हणून नकार येतो. पट्टे आखून क्रमांक द्या, आणि जुन्या बाजारात जो शेजारी होता तोच इथंही शेजारी ठेवा. गिऱ्हाइकाला माणूस सापडतो आणि जागेची भांडणं कमी होतात. लक्ष्मीपुरीतल्या धान्य व्यापाऱ्यांशी आणि मार्केट यार्डातल्या अडत्यांशी एकत्र बोलून लहान दुकानदारांना आठ-पंधरा दिवसांची उधारी मिळवून द्या. मंडळाकडे जमलेल्या पैशातून शिधा विकत घ्यायचा असेल तर तो जळालेल्या पेठेतल्याच दुकानदारांकडून घ्या. एकाच रुपयात दोन घरं सावरतात.

फुकट वाटप जितकं लांबेल तितकी नव्यानं मांडलेली भाजीची पाटी रिकामी राहील. चौकात कोथिंबीर विकायला बसलेल्या बाईसमोर भाजी फुकट वाटू नका. ती बाईसुद्धा आगीतूनच आली आहे.

रेशनचं धान्य राज्यात कुठल्याही रास्त भाव दुकानातून, बोटाचा ठसा देऊन मिळतं. कार्ड जळालं तरी घाबरू नका. आपलं दुकान जळालं असेल तर शेजारच्या पेठेतल्या दुकानात जा, आणि त्या दुकानदाराला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो जादा साठा मागवेल.

५. भाव

आगीनंतर टेंपो, पाण्याचे जार, ताडपत्री आणि भाड्याच्या खोल्या यांचे भाव चढतात. लंडनच्या आगीत सामान हलवायच्या गाडीचं भाडं ४० पौंडांपर्यंत गेलं होतं. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो जळालं तेव्हा महापौर रॉसवेल मेसन यांनी लगेच जाहीर केलं की १२ औंसांचा पाव ८ सेंटला विकायचा, आणि गाडीवाल्यांनी नेहमीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही.

आपण कार्यकर्ते भाव ठरवू शकत नाही. तो अधिकार प्रशासनाचा. आपण करायचं ते इतकंच: रोज सकाळी मार्केट यार्डातला भाव आणि छोटा हत्ती टेंपोचं नेहमीचं भाडं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं. कोणी छापील किमतीपेक्षा जास्त घेत असेल तर बिल किंवा फोटो घेऊन वैधमापन विभागाकडे किंवा तहसीलदारांकडे तक्रार द्यायची. दुकानदाराला गराडा घालायचा नाही. बहुतेक वेळा फळाच काम करतो, कारण पेठेत सगळे एकमेकांना ओळखतात.

६. अफवा आणि रात्रीची गस्त

‘आग लावली’ ही कुजबूज पहिल्याच संध्याकाळी सुरू होते. लंडनमध्ये ५ सप्टेंबरच्या रात्री ५०,००० फ्रेंच आणि डच चाल करून येत आहेत अशी आवई उठली आणि बेघर लोकांनी दिसेल त्या परदेशी माणसाला मारलं. राजाला स्वतः लोकांसमोर जाऊन कट वगैरे काही नाही असं सांगावं लागलं. तरी पुढं एका फ्रेंच माणसाला, त्यानं दिलेल्या खोट्या कबुलीवरून, फाशी दिलं गेलं. आपल्याकडेही बोट दाखवायला कोणीतरी सापडतंच: परप्रांतीय कामगार, दुसऱ्या समाजाचा दुकानदार, ज्याच्याशी जागेचा वाद आहे तो भाऊबंद.

यासाठी दिवसातून दोनदा, सकाळी आठ आणि संध्याकाळी सातला, भोंग्यावरून फक्त खात्रीची माहिती सांगा: जखमी किती, पाणी कधी, जेवण कुठं, कारण तपासाधीन. त्याच वेळी तीच माहिती फळ्यावर. लोकांना वेळ माहीत झाली की ते वाट बघतात. खोटा इशारा पसरवून घबराट करणं हा २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली गुन्हा आहे. व्हॉट्सअॅप गटाच्या अॅडमिनला हे शांतपणे समजावून सांगा.

रात्रीची गस्त पोलीस ठाण्याला नावं देऊनच घाला. चार-चारच्या टोळ्या करा, हातात बॅटरी आणि शिट्टी. काठी नको. कोणाचीही झडती घ्यायची नाही, कोणाला अडवून ठेवायचं नाही. संशय आला तर ११२. परप्रांतीय कारागिरांना गस्तीत बरोबर घ्या. माझ्या अनुभवात याचा फायदा भाषणांपेक्षा जास्त होतो.

७. कागदपत्रं

पंचनामा होईपर्यंत राख हलवू देऊ नका. स्वच्छता चांगली, पण जेसीबीनं सगळं उचललं की नुकसानीचा पुरावाही जातो. प्रत्येक घराचे आणि दुकानाचे फोटो चारही बाजूंनी काढा, तारीख दिसू द्या. जमवायची यादी:

- महसूल खात्याच्या पंचनाम्याची प्रत, सही करण्याआधी वाचून. जे लिहिलं नाही ते जळालं नाही असं धरलं जातं.
- पोलिसांकडची नोंद आणि अग्निशमन दलाचा दाखला.
- सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, घरफाळ्याची पावती, भाडेकरार किंवा भाड्याच्या पावत्या, वीजबिल.
- दुकानासाठी शॉप अॅक्ट, जीएसटी नोंदणी, बँकेचा खातेउतारा, शेवटचा स्टॉक.
- आधार, पॅन, शाळेचे दाखले. डिजिलॉकरमध्ये काय आहे ते आधी बघा.

विम्याची पॉलिसी जळाली म्हणून दावा जात नाही. कर्ज असेल तर बँकेत तिची प्रत असते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत अर्धवट जळालेला माल भंगारात देऊ नका. खरेदीची बिलं जळाली असतील तर जीएसटी पोर्टलवर २बी विवरणात पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची नोंद सापडते. दुकानदार रडकुंडीला येतात तेव्हा त्यांना हे दाखवा, फार धीर येतो.

जळालेल्या नोटा सोडवायला जाऊ नका. गठ्ठा आहे तसा डब्यात ठेवा. अगदी काळ्या पडलेल्या, चिकटलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात सादर कराव्या लागतात. सोनारांनी राख चाळूनच टाकायला द्यावी.

८. भाडेकरू आणि मालक

हा वाद येणारच. लंडनमध्ये १६६७ मध्ये यासाठी खास न्यायालय नेमावं लागलं: जळालेल्या घराचं भाडं कोणी द्यायचं, बांधायचं कोणी. आपल्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आहेत, आणि ‘घर गेलं, आता तुझा संबंध संपला’ असं सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की इमारत नष्ट झाली एवढ्यानं भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. म्हणून भाडेकरूनं कोऱ्या कागदावर किंवा ‘जागा स्वखुशीनं सोडली’ अशा मजकुरावर सही करू नये, आणि पंचनाम्यात आपला ताबा लिहून घ्यावा. मालकालाही समजून घ्या, बांधायचा खर्च त्याच्यावर येतो. दोघांना एकत्र बसवून चहा पाजा, पण लिखापढी वकिलासमोरच होऊ द्या. मंडळानं निवाडा देऊ नये.

९. हिशोब

रोख रक्कम कार्यकर्त्यानं हातात घेऊ नये. संस्थेच्या खात्यात, पावती देऊन. वस्तूंसाठी आवक आणि जावक अशा दोन बाजूंची वही ठेवा आणि रोज रात्री शिल्लक फळ्यावर लिहा. मदतीच्या वस्तूंचा किंवा पैशांचा अपहार हा त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम ५३ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कोणी देणगीदार फोटोसाठी कुटुंबाला उभं करू लागला तर नम्रपणे नाही म्हणा. वस्तूंचा फोटो पुरतो.

काम उरकताना नोंदवहीची एक प्रत विभागीय कार्यालयाला द्या आणि पोच घ्या, दुसरी तालमीत ठेवा. मग पहिल्या वहीतला शेवटचा रकाना उघडा. ज्यांच्या नावापुढं ‘परत आले’ लिहिलेलं नाही त्यांची वेगळी यादी काढून, प्रत्येक नाव एकेका कार्यकर्त्याच्या अंगावर द्या. दर रविवारी फोन करायचा, विमा आणि पंचनाम्याचं कुठं अडलंय ते विचारायचं, आणि उत्तर तारखेसह त्याच वहीत लिहायचं.